वैज्ञानिक अंकलेखन : ‘आर’ भाषेतील तक्त्यांत

फार मोठी वा फार लहान संख्या गुणक आणि १० चा घात यांच्या गुणाकाराने मांडण्याची पद्धत. गुणक १ किंवा त्याहून मोठा, पण १० पेक्षा लहान असतो. ॲव्होगॅड्रो स्थिरांक ६.०२ × १०^२३ हा ‘आर’मध्ये ‘६.०२ई+२३’ असा छापला जातो. ‘ई’पुढे घातांक येतो. सांख्यिकीसाठीची ही संगणकभाषा रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात १९९० च्या दशकात घडवली.

रूपाची निवड : साधे आणि वैज्ञानिक यांपैकी ज्या रूपाला कमी जागा लागते ते ‘आर’ निवडते, दोन्हींना सारखीच लागली, तर साधे रूप. १००००० ला सहा जागा लागतात, ‘१ई+०५’ ला पाच. म्हणून दुसरे रूप छापले जाते. १२३४५६ मात्र तशीच राहते. एका स्तंभातील सर्व संख्यांना एकच रूप मिळते, त्यामुळे ०.००००१ च्या सोबतीने १००० देखील ‘१ई+०३’ होते. ‘सायपेन’ या पर्यायाचे मूल्य वाढवले की साध्या रूपाला झुकते माप मिळते.

फंक्शने : ‘फॉरमॅट’मध्ये ‘डिजिट्स’ म्हणजे सार्थ अंक, ‘फॉरमॅटसी’मध्ये ‘ई’ रूप मागितल्यास तेच नाव दशांश स्थळे दाखवते. म्हणून ‘६.०२ई+२३’ साठी पहिल्यात ३, तर दुसऱ्यात २ लिहावे लागतात. ‘एसप्रिंटएफ’नेही हेच साधते. पी-मूल्यांसाठी ‘फॉरमॅट.पीव्हॅल’ आहे. त्यातून येणारे ‘< २.२ई-१६’ हे मोजलेले मूल्य नसून दर्शनाची मर्यादा आहे. अहवालात ‘<’ चिन्ह गाळल्यास अर्थच बदलतो.

दक्षता : या फंक्शनांतून संख्या नव्हे, तर मजकूर मिळतो. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.११ई-३१ किग्रॅ. आणि प्रोटॉनचे १.६७ई-२७ किग्रॅ. मजकूर म्हणून चढत्या क्रमाने लावल्यास जड प्रोटॉन आधी येतो. म्हणून गणित आणि क्रमवारी पूर्ण अचूकतेने उरकावी व रूप शेवटी द्यावे. छापील तक्त्यात ‘ई’ऐवजी ‘× १०^’ ही मांडणी वाचकाला सोयीची पडते. ‘एक्सटेबल’ पॅकेजात लाटेक तक्त्यांसाठी तशी सोय आहे. स्तंभातील मूल्ये एकाच घाताच्या आसपास असतील, तर तो घात एककासह शीर्षकात द्यावा आणि खाली केवळ गुणक लिहावेत; तुलना एका नजरेत होते.