नवा हेडसेट घ्यावा काय?

बाजारात नवे यंत्र आले की घरातले चालते यंत्र एका रात्रीत म्हातारे ठरते. डोळ्यांवर चढवला की बसल्या जागी दुसऱ्याच जगात नेऊन सोडणारा आभासी वास्तवाचा हेडसेट हा याचा ताजा नमुना होय. एक घरात असताना दुसरा घ्यावा काय, असा प्रश्न आता मुले आईबापांपुढे टाकू लागली आहेत. पगाराचा मोठा वाटा ज्यात जायचा तो प्रश्न किरकोळ नव्हे. त्याचे उत्तर जाहिरातीपेक्षा इतिहासात शोधावे, असे आम्हांला वाटते.

या यंत्राचे मूळ तत्त्व जुने आहे. दोन डोळ्यांना दिसणारी चित्रे किंचित निराळी असतात आणि त्यांच्या मिलाफातून खोली भासते, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली आरशांच्या उपकरणाने दाखवून दिले. पुढे १८६१ च्या सुमारास ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-लेखकाने हातात धरायचे साधे, स्वस्त दर्शक बनवले आणि त्याचे पेटंट मुद्दामच घेतले नाही. मग कोणीही कारागिराने दर्शक करावा आणि कोणीही छायाचित्रकाराने त्यासाठी चित्रे काढावीत, असे झाले. दर्शक जुना राही, चित्रे तेवढी नवी येत. १९३९ साली निघालेला ‘व्ह्यू-मास्टर’ आपल्याकडेही पुष्कळ घरांत होता. त्याच्या जुन्या चकत्या कित्येक वर्षांनी निघालेल्या दर्शकांतही बसत. आजोबांची चकती नातवाने पाहावी, यात नवल नव्हते.

१९६८ साली आयव्हन सदरलँड या अमेरिकन संशोधकाने डोक्यावर घालायचा पडदा संगणकाला जोडला. मान वळवली की चित्रही वळू लागले. ते उपकरण छताला टांगावे लागे आणि त्यात दिसत त्या नुसत्या रेघांच्या आकृत्या. पण पाया तेथे घातला गेला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली. चित्र आता कार्डावर छापलेले नव्हते, क्षणोक्षणी गणिताने तयार होत होते. म्हणजे यंत्राला आज्ञावली हवी. आणि पुढे घरोघर विकल्या गेलेल्या यंत्रांत त्या आज्ञावलीची किल्ली कारखानदाराच्या हाती राहिली.

‘ऑक्युलस’ या कंपनीने २०१२ साली लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर जमवले. २०१४ साली फेसबुकने ती कंपनीच सुमारे २०० कोटी डॉलरला विकत घेतली. २०१९ साली ‘क्वेस्ट’ ३९९ डॉलरला आला, २०२० साली ‘क्वेस्ट २’ २९९ ला, तर २०२३ साली ‘क्वेस्ट ३’ ४९९ ला. सुधारणा झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका डोळ्यापुढचे ठिपके पहिल्यात सुमारे २३ लाख, दुसऱ्यात ३५ लाख, तिसऱ्यात ४५ लाख. तिसऱ्याची भिंगेही चांगली. अक्षरे कडेपर्यंत स्वच्छ दिसतात. वजन मात्र दुसऱ्याचे ५०३ ग्रॅम आणि तिसऱ्याचे ५१५, तेव्हा मानेला आराम नाही. २०२४ साली आलेल्या स्वस्त ‘३एस’मध्ये गणकयंत्र नवे, पण ठिपके २०२० च्याच यंत्राइतके. नवे नाव म्हणजे सगळेच नवे, असे नव्हे.

पहिल्या ‘क्वेस्ट’चे काय झाले ते पाहावे. त्याला नव्या सोयी मिळणार नाहीत आणि सुरक्षेची दुरुस्तीही २०२४ पर्यंतच होईल, असे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये कळवले. काच शाबूत, पट्टा शाबूत, आणि तरी पाच वर्षांत यंत्र निकामाच्या वाटेला लागले. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत दोनऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती आली, तेव्हा संपावर गेलेल्या विणकरांचा सवाल होता की या सुधारणेचा लाभ कोणाला आणि बोजा कोणावर? गिऱ्हाइकानेही तोच सवाल करावा.

म्हणून आमचे मत असे. आठवड्यातून दोन-चार तास खेळण्यापुरताच वापर असेल, आणि जुन्या यंत्राला दुरुस्ती व नवे खेळ मिळत असतील, तर नुसत्या जास्त ठिपक्यांसाठी पैसे घालू नयेत. ज्याला त्यात तासन्‌तास वाचायचे आहे, आराखडे पाहायचे आहेत, त्याला चांगली भिंगे मोलाची आहेत, त्याने घ्यावे. आणि ज्याचे यंत्र कारखानदारानेच वाऱ्यावर सोडले, त्याने नवे घेताना किंमतीआधी ते कोणत्या सालापर्यंत सांभाळले जाईल हे विचारावे. किंमतीला त्या वर्षांनी भागले म्हणजे खरा भाव कळतो.

एकट्या गिऱ्हाइकाला हे कोणी सांगणार नाही, हे आम्ही जाणतो. पण एकजुटीचा उपयोग येथेही होतो. २०२० साली हेडसेटसाठी फेसबुकचे खाते सक्तीचे झाले. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, जर्मनीच्या स्पर्धा-नियामक कचेरीने चौकशी सुरू केली, आणि २०२२ साली ती सक्ती उठली. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा जोडयंत्रांना सुरक्षेची दुरुस्ती किती काळ मिळेल ते कारखानदाराने जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावी. खोक्यावर किंमत छापतात, तसे ते सालही छापले गेले पाहिजे.