लव्हक्राफ्टचे इस्पितळ आणि आपला कृष्णाकाठ

एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांत वेड्यांचे इस्पितळ पुन:पुन्हा येते. चार्ल्स डेक्स्टर वॉर्डची कथा (लेखन १९२७) सुरू होते तीच मुळी प्रॉव्हिडन्सजवळच्या खाजगी इस्पितळातून एक रुग्ण नाहीसा होतो तेथून. ‘द थिंग ऑन द डोअरस्टेप’चा (प्रसिद्धी १९३७) निवेदक अशाच इस्पितळात जिवलग मित्राला गोळ्या घालतो, आणि तरीही आपण त्याचे खुनी नव्हे असे सांगतो. या भिंती लव्हक्राफ्टच्या ओळखीच्या होत्या. प्रॉव्हिडन्सच्या बटलर इस्पितळात १८९३ साली त्याचे वडील दाखल झाले, १८९८ साली वारले. १९१९ साली आई तेथेच गेली आणि १९२१ साली वारली.

लव्हक्राफ्टचे भय विश्वाच्या बेपर्वाईचे आहे. माणसाची दखलही न घेणाऱ्या अफाट शक्ती ज्याने पाहिल्या तो खरे बोलतो, आणि नेमका म्हणूनच कोंडला जातो. हा पेच उभा राहण्यासाठी डॉक्टरांच्या नोंदीला अखेरचा शब्द मानणारा समाज लागतो.

आपल्याकडे १८५८च्या कायद्यानंतर सरकारी वेड्यांची इस्पितळे रुजली खरी. पण सातारा-सांगलीकडच्या घरांत ‘येरवडा’ हा शब्द वावरला तो थट्टेत, नाही तर भांडणात. बिथरलेल्या माणसाला आधी नेत ते औदुंबरला किंवा नरसोबाच्या वाडीला. तेथे अंगातले ‘वारे’ चारचौघांत घुमते, ओरडते. लोक त्याला विचारतात, तू कोण, कुठला, तुला काय हवे? ज्याचे म्हणणे असे ऐकून घेतले जाते, त्याच्याभोवती लव्हक्राफ्टचे एकाकीपण उभे करणे अवघडच.

नारायण धारपांनी (१९२५–२००८) लव्हक्राफ्टच्या वळणाच्या अमानवी शक्ती मराठीत आणल्या, पण सोबत समर्थही आणले. सज्जनगडाच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला त्या नावाचा आधार वेगळा सांगावा लागत नाही. अरिष्टाला तोंड देणारा अधिकारी पुरुष आला की विश्व बेपर्वा उरत नाही. काही समीक्षक याला धारपांची तडजोड म्हणतील. मला तो वाचकाची नेमकी जाण असलेल्या लेखकाचा निर्णय वाटतो.

मात्र यावरून आपली रीत अधिक माणुसकीची ठरते काय? तेथे ऐकले जाते ते भुताचे. रुग्णाचे कोण ऐकतो? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याजवळ आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण पळताही न येता जळून मेले. तेथे दुष्ट डॉक्टर नव्हता, कोणी अमानवी शक्तीही नव्हती. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ‘बाधा’ हा आजार समजून उपचार करा, असे अखेरपर्यंत सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला.