वऱ्हाडी वाड्याचा उन्हाळा : भिंत, पाणी आणि वीज

शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा आपल्या गावगाड्यातला जुना भेद. वऱ्हाडात तो केवळ रंगाचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला उत्तम, पण घर बांधायला निरुपयोगी. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे ती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची भिंत चार पावसाळे टिकणार नाही. म्हणून अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांतले जुने वाडे पांढऱ्या मातीचे. त्यांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद, वर सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चोपून बसवलेला मातीचा जाड थर. या छताला आपण धाबे म्हणतो.

मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसला पोचणे ही नित्याची बाब आहे. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लावावे लागले. दंग्याधोप्यासाठी ठेवलेले कलम उन्हासाठी वापरले गेले! थंड देशांतल्या मोठ्या जुन्या घराच्या मालकाला हिवाळ्यात घर तापवण्याचा खर्च सतावतो. आपल्याकडे तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. त्यावर बोलताना ‘पूर्वीचे वाडे आपोआप थंड असत’ असे आपण सहज म्हणून जातो. ते थंड असत हे बरेचसे खरे आहे. आपोआप मात्र नव्हे. त्या थंडाव्याची किंमत कोणीतरी देतच होते. ती कोणी दिली, कशाच्या रूपात दिली आणि आज ती विजेच्या बिलात कशी उतरली, हे पाहण्यासारखे आहे.

भिंतीचे गणित

१८२२ मध्ये जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतावहनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. (हा गृहस्थ १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता, तेव्हा कडक उन्हाची त्याला चांगली ओळख होती.) दिवसाचे ऊन जमिनीत किती खोल जाते, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या गणितातून मिळते. ताप लाटेसारखा आत शिरतो. जितके आत जावे तितकी लाट लहान होत जाते आणि पोचायला उशीर होतो. कोरड्या मातीसाठी हिशेब केला तर १२ सेंटिमीटर खोलीवर दिवस-रात्रीच्या चढउताराचा सुमारे ३७ टक्के भाग उरतो, २४ सेंटिमीटरवर १४ टक्के. दोन फूट जाडीच्या भिंतीत तो एक टक्काही उरत नाही. बाहेर दुपारी ४३ आणि पहाटे २८ अंश असले, तरी अशा भिंतीच्या आतल्या अंगाला दिवसभर जवळजवळ एकच तापमान जाणवते.

धाब्याची गोष्ट थोडी वेगळी. ते साधारण एक फूट जाड. त्यातून सात-आठ टक्के चढउतार खाली पोचतो, तोही सुमारे दहा तासांनी. म्हणजे दुपारी दोनचे ऊन माजघराच्या छताला रात्री बाराच्या सुमारास जाणवते. त्या वेळी माजघरात कोणी नसे. घरची माणसे चौकात किंवा धाब्यावर खाटा टाकून निजलेली असत. उघड्या आकाशाखाली धाब्याचा पृष्ठभाग तोवर निवलेला असे. दुपारी माजघर, सांजेला ओसरी, रात्री धाबे, असे सारे घर सूर्याच्या वेळापत्रकाप्रमाणे माणसांना फिरवत असे. वीस खणांचा वाडा एकाच वेळी थंड करण्याचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. माणसे ज्या वेळी जिथे असतील, तेवढी जागा सुसह्य असली की झाले. माझ्या मते वाड्याच्या रचनेतले खरे शहाणपण यातच आहे, आणि आज नेमके तेच आपण विसरलो आहोत.

पण भिंतीलाही मर्यादा आहे. जाड भिंत दिवस आणि रात्र यांची सरासरी काढते. सरासरीच्या खाली ती जात नाही. वरच्या उदाहरणात ती सरासरी ३५ अंशांच्या पुढे येते. रात्री दारे-खिडक्या उघड्या ठेवून भिंतीला निवू द्यायचे आणि सकाळी उन्हे वर येण्याआधी सगळे बंद करायचे, हे केले तरच दोन-तीन अंश आणखी मिळतात. यातून दोन परिणाम होत. दुपारी घरात काळोख आणि कोंदट हवा. चूल त्याच घरात असल्यामुळे त्याचा भार बायकांवर अधिक. शिवाय दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती घालून ती चोपावी लागे. एक चौरस मीटर धाब्याचे वजन पाचशे किलोच्या घरात जाते. ते सतत चार दिवस पावसात भिजले की तुळया वाकतात. धाबी काढून लोकांनी टिनपत्रे आणि पुढे सिमेंटचे स्लॅब घातले, ते केवळ हौसेने नव्हे.

वाळा, पाणी आणि मजुरी

सरासरीच्या खाली जायचे तर पाणी लागते. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपून थंड केलेल्या खोल्यांचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात १५९६ मध्ये जिंकलेल्या वऱ्हाड सुभ्याचेही वर्णन येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता हवेतून खेचली जाते. अप्रकट उष्म्याचा धडा शिकवताना आपण हा आकडा फळ्यावर लिहितो. वऱ्हाडात तो प्रत्येक घराच्या खिडकीत दिसतो.

हवा किती थंड होऊ शकेल, हे ओल्या तापमापकावरून कळते. मे महिन्यातल्या दुपारी हवा ४४ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता १२ टक्के असेल तर ओला तापमापक २२ अंशांच्या आसपास दाखवतो. हे अंतर २२ अंशांचे. चांगला ओला पडदा त्यातले तीन चतुर्थांश अंतर कापतो आणि हवा २७-२८ अंशांवर आणतो. जुलैत हवा ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की ओला तापमापकच २८ दाखवतो. तेव्हा पडदा भिजवून मिळते ती फक्त ओल.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि उन्हाळ्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. इंग्रजांच्या हिंदुस्थानात तोवर ‘थर्मँटिडोट’ नावाचे यंत्र वापरात आले होते. ओल्या वाळ्याच्या पेटीत धान्य उफणण्याच्या यंत्रासारखी पाती असत आणि ती एक माणूस फिरवी. दुसरा माणूस तट्ट्यांवर पाणी मारी, तिसरा दोरीने छताचा पंखा ओढी. साहेबाच्या खोलीतला थंडावा बाहेर उन्हात बसलेल्या तिघांच्या श्रमातून येई. सर्वांत सोपा उपाय मात्र उंचीचा होता. मेळघाटातले चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर, अमरावती साडेतीनशेच्या आत-बाहेर. दर किलोमीटरला साडेसहा अंश धरले तर पाच अंशांचा फरक फुकट मिळतो. अधिकारी तिथे जात. शेतकरी आणि मजूर अर्थातच खालीच राहत.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. कापसाच्या पैशातून व्यापारी आणि वकील यांचे मोठे वाडे उभे राहिले. अमरावतीचा दादासाहेब खापर्डे यांचा वाडा या काळातला प्रसिद्ध. लोकमान्य टिळकांचे तिथे येणे-जाणे असे. अशा घरांत तट्ट्या भिजवायला, पाणी भरायला माणसे असत. त्यांची मजुरी हेच त्या काळचे थंडाव्याचे बिल.

कापसाचा आणि थंड हवेचा आणखी एक संबंध गमतीचा आहे. इंग्रजीतला ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्याने वापरात आणला, तो कापडगिरणीतली हवा ओलसर ठेवण्याच्या संदर्भात. सूत तुटू नये म्हणून हवेची मशागत आधी झाली. माणसाची पाळी नंतर आली.

थर्मँटिडोटला मोटार लागते

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात लाकडाच्या भुश्यासारख्या तंतूंच्या ओल्या ताट्या आणि विजेचा पंखा यांची पेटी लोकप्रिय झाली. आपला डेझर्ट कूलर तो हाच. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, वीज घरोघर पोचली आणि त्यानंतरच्या दशकांत लोखंडी पत्र्याचा कूलर वऱ्हाडाच्या खिडक्यांना लटकला. तट्टी भिजवणाऱ्याच्या जागी छोटा पंप आला, पाती फिरवणाऱ्याच्या जागी मोटार. विजेच्या दृष्टीने हे यंत्र फार काटकसरी आहे. दीड-दोनशे वॉटमध्ये ते मोठी खोली सुसह्य करते.

खर्च दुसरीकडे निघतो. तासाला दोन हजार घनमीटर हवा १६ अंशांनी थंड करणारा कूलर तासाला १४-१५ लिटर पाणी उडवतो. दहा तासांत सुमारे दीडशे लिटर. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असा मापदंड आहे. म्हणजे कूलर घरातला आणखी एक माणूसच झाला, आणि तो नेमका मे महिन्यात येऊन राहतो. अकोल्याला पाणी काटेपूर्णा धरणातून येते आणि उन्हाळ्यात नळ कित्येक दिवसांनी येतो, हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी वापरावे तर पाणी उडून जाते आणि क्षार ताटीवर बसतात. ताटी पांढरी व कडक होते आणि हवा अडते. टाकीतले सगळे पाणी चार-आठ दिवसांनी काढून टाकले तर ताटी जास्त टिकते.

स्लॅबचे देणे

आता वाड्याचे छत उतरवून तिथे पाच इंची स्लॅब घातला की काय होते ते पाहू. छतातून किती उष्णता जाते याचे माप म्हणजे पारगम्यता : एका चौरस मीटरमधून, दोन बाजूंत एका अंशाचा फरक असताना जाणारे वॉट. उघड्या स्लॅबला हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी तो जास्तीत जास्त १.२ असावा असे सांगितले. एक फूट कोरडी माती आणि खाली सागवानी फळ्या यांचा ढोबळ हिशेब मी केला, उत्तर १.३ आले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे धाबे आजच्या नियमात जवळजवळ बसते आणि त्याच्या जागी आलेला स्लॅब तिपटीने नापास होतो.

बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत अशा स्लॅबमधून मे महिन्याच्या सायंकाळी एक ते दीड किलोवॉट उष्णता उतरते. छताला एक शेगडी उलटी टांगावी तसे हे आहे. दीड टनाचा एसी ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. त्याचा चौथा हिस्सा या शेगडीशी झुंजण्यात जातो. (टन हे मापही बर्फाचे : एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल तेवढी क्षमता.) प्रत्येक खोलीला वेगळे यंत्र लागले, मीटर मात्र एकच राहिले, की घर १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यातून ३०० च्या आणि पुढे ५०० च्या टप्प्यात चढते, आणि प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा जास्त.

उभ्या असलेल्या वाड्यात पैसा घालायचा तर क्रम उलटा लावावा लागतो. आधी छत, मग पंखे, यंत्र शेवटी. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला तरी शोषल्या जाणाऱ्या उन्हात मोठी घट होते. अहमदाबादेत २०१० च्या लाटेनंतर उष्णता कृती आराखडा तयार झाला, त्यात पुढे गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे काम आले ते याच कारणाने. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दहा पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला सुमारे दीडशे युनिटांचा फरक पडतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते आणि भिंत आतून सुटते. आणि दोन फुटी भिंतींच्या, चौदा फूट उंचीच्या बैठकीत एसी तासाभरापुरता लावणे म्हणजे बहुतांश पैसा भिंत निववण्यात घालवणे. लावायचाच तर घरातली सर्वांत लहान खोली निवडावी आणि दारांच्या फटी बुजवाव्यात. कूलरला नेमके उलटे हवे : समोरची खिडकी उघडी, नाहीतर ओली हवा खोलीतच साठते.

शाळेत हे सारे तपासता येते. एका तापमापकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळावे, दुसरा कोरडा ठेवावा आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत आठवड्यातून एकदा दुपारी दोघांतले अंतर वहीत लिहावे. कूलर कोणत्या आठवड्यात निकामी झाला ते आलेखावर दिसेल. दुसरा प्रयोग घरचा. विद्यार्थ्यांपैकी कोणाचे घर धाब्याचे, कोणाचे कवेलूचे, कोणाचे टिनाचे, कोणाचे स्लॅबचे असते. सर्वांनी एकाच दिवशी सकाळी सहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा आणि रात्री दहा वाजता छताखालच्या हवेचे तापमान घ्यावे. रात्री दहाची नोंद टाळू नये. टिनाचे घर तोवर निवलेले असते, स्लॅबचे तापलेलेच असते, आणि धाब्याच्या घरात दुपारची लाट अजून खाली यायची असते.