विद्रावकांच्या बाष्पाचे प्राण्यांच्या यकृतावरील परिणाम

रंग, शाई, ग्रीस वा तेलाचे डाग विरघळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बाष्पनशील द्रवांचे बाष्प वारंवार श्वासावाटे शरीरात गेल्यास यकृतात होणारे बदल हा विषविज्ञानातील जुना अभ्यासविषय आहे. सर्व विद्रावक यकृताला सारखेच घातक नसतात. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म आणि डायमिथिल फॉर्मामाइड ही ठळक यकृतविषे होत; टोल्युइन व झायलीन यांचा मुख्य आघात मज्जासंस्थेवर होतो.

यंत्रणा

कार्बन टेट्राक्लोराइडचे उदाहरण सर्वांत बारकाईने अभ्यासले गेले आहे. हा पदार्थ मुळात फारसा क्रियाशील नाही. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील एक विकर (२ई१) त्याचे अतिक्रियाशील मुक्तमूलकात रूपांतर करते. म्हणजे विष यकृतच घडवते. हे मूलक पेशीपटलातील मेदाचे विघटन घडवून आणते. हे विकर यकृतखंडिकेच्या मध्यशिरेभोवती अधिक असल्याने पेशींचा मृत्यूही प्रथम तेथेच होतो. मद्य या विकराचे प्रमाण वाढवते; त्यामुळे मद्य दिलेल्या प्राण्यांत हानी अधिक तीव्र होते.

एकदाच झालेली इजा यकृत बहुधा भरून काढते. संपर्क पुनःपुन्हा होत राहिला, तर मेदसंचय, तंतुमयता आणि अखेर यकृतकाठिण्य (सिरॉसिस) असा क्रम दिसतो. जपानमधील एका प्रयोगात रॅट व माउस या जातींना दिवसाला ६ तास, आठवड्याला ५ दिवस, १०४ आठवडे हे बाष्प देण्यात आले. दर दशलक्ष भागांत १२५ भाग या प्रमाणाला दोन्ही जातींत यकृतार्बुदे वाढली. माउसमध्ये ती २५ भागांनाही वाढली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोंबड्या मात्र या विषाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. म्हणून एका प्राण्यावरून दुसऱ्याविषयी, माणसाविषयी तर अधिकच, जपून अनुमान काढावे लागते.

भारतातील संदर्भ

भारतीय कापडउद्योगात कापडावरील तेलाचे डाग काढण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड वापरले जाई. भायखळा ते परळ या गिरणगावाच्या संदर्भात ही बाब लक्षणीय ठरते. वास येत नाही म्हणजे हवा निर्धोक, हा समज फसवा आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ सूचनीय व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेली होती. ओझोनविषयक माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांत या विद्रावकाचा असा वापर २०१० पासून बंद झाला. त्यामागील कारण ओझोनचा थर होते, कामगाराचे यकृत नव्हे.