उलटतपासणीतील न्याय

प्रतिपक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी म्हणजे वकिलाच्या बुद्धिचातुर्याची कसोटी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु तिच्यात साक्षीदाराचाही एक हक्क अंतर्भूत असतो. ताईमहाराज प्रकरणाच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये नेमलेल्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक व वऱ्हाडातील प्रसिद्ध वकील दादासाहेब खापर्डे हे होते. जून १९०१ मध्ये बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज औरंगाबादेस गेल्या. बुलढाण्याच्या शेजारचा हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथे जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तकविधान झाले, असे विश्वस्तांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांनी ते नाकारले व कोल्हापूरचा दुसरा मुलगा दत्तक घेतला.

प्रकरण न्यायमूर्ती अॅस्टन यांच्यापुढे गेले. टिळकांना दीर्घ उलटतपासणीस तोंड द्यावे लागले. त्यातून त्यांच्यावरच खोट्या साक्षीचा खटला उभा राहिला. १९०३ साली त्यांना शिक्षा झाली. १९०४ साली हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरविले. दिवाणी दाव्यात पुण्याच्या न्यायालयाने १९०६ साली औरंगाबादचे दत्तकविधान ग्राह्य धरले. मुंबई हायकोर्टाने १९१० साली तो निर्णय फिरविला. अखेर १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने दत्तकविधान कायम केले.

त्या निकालातील एक तत्त्व पुढे न्यायालयांत वारंवार आधारास घेतले गेले. साक्षीदाराची पूर्वीची जबानी त्याच्याविरुद्ध वापरावयाची असेल, तर त्यातील नेमका विसंगत भाग त्यास दाखवून खुलाशाची संधी दिली पाहिजे. समजा, एकाने पूर्वी ‘सकाळी’ म्हटले व आज ‘दुपारी’ म्हणतो. हा फरक लबाडीचा असेल, विस्मृतीचा असेल, जबानी लिहून घेणाऱ्याच्या चुकीचाही असेल. विचारल्याशिवाय तो कळणार कसा? न विचारता जुने कागद पुढे करून माणसास खोटा ठरविणे म्हणजे त्याची बाजू न ऐकताच त्याची अब्रू घेणे होय.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १४५ व्या कलमात हेच संरक्षण होते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १४८ व्या कलमात ते आजही आहे. बुलढाण्याच्या न्यायालयात उभ्या राहणाऱ्या एखाद्या साध्या शेतकऱ्यासही लोकमान्यांइतकाच त्याचा लाभ आहे. उलटतपासणीचे शस्त्र कितीही तीक्ष्ण असो, ते उगारण्यापूर्वी समोरच्यास उत्तराची संधी देणे हीच न्यायाची मर्यादा होय.