शिखरावरील लहान देवळे आणि माणसाचे मन

देवळाच्या पायरीशी आल्यावर माणूस प्रथम मान वर करून कळसाला हात जोडतो. शिखरदर्शन घडले म्हणजे देवदर्शन घडले, असे जुनी माणसे मानतात. परंतु पायरीपासून कळसापर्यंत जाताना नजर ज्या लहान लहान आकृतींवरून सरकते, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नक्षी म्हणून त्या सोडून दिल्या जातात. नीट निरखून पाहिल्यास त्यांतील कित्येक आकृती म्हणजे लहान देवळेच आहेत असे दिसून येते. त्यांना जोते असते, खांब असतात, वर शिखर असते. काही वीतभर, काही हातभर, तर काही पुरुषभर उंचीची असतात. आपल्या पूर्वजांनी मोठ्या वास्तूचे असे लहान रूप निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या ठिकाणी घडविले. माणसाच्या मनात जे दाटून येते त्याला त्यांनी या लहान वास्तूंत जागा दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

याचे फार जुने उदाहरण पुणे जिल्ह्यात मळवलीजवळ भाजे येथे आहे. तेथील लेण्यांत दगडी स्तूपांचा एक समूह आहे. एकूण स्तूप १४, पैकी ५ लेण्याच्या आत व ९ बाहेर. त्या ठिकाणी राहून देह ठेवलेल्या थोर भिक्षूंचे हे स्मारक होय. काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावे कोरलेली आहेत. मोठा स्तूप बुद्धांच्या स्मरणार्थ बांधीत. त्याचेच लहान रूप शिष्यांनी आपल्या गुरूसाठी घडविले. गुरू गेल्याचे दुःख आणि त्यांच्याविषयीचा आदर ही दोन्ही त्या दगडांत उतरली आहेत. लांबलचक स्तुतीची त्यांना गरज वाटली नाही. आकार आणि नाव एवढे पुरेसे झाले.

पुढे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे घडले. अखंड डोंगरातून खोदलेल्या या देवळाच्या शिखरावर प्रत्येक मजल्याच्या कडेने लहान देवळांची माळ आहे. म्हणजे एका देवळावर जणू देवळांचे एक गावच वसविले आहे.

या कल्पनेचा फार सुंदर विकास भूमिज पद्धतीच्या देवळांत झाला. राजा भोजाच्या नावे असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. महाराष्ट्रात अंबरनाथचे शिवमंदिर, सिन्नरचे गोंदेश्वर व मालेगाव तालुक्यातील झोडग्याचे माणकेश्वर ही देवळे या पद्धतीची आहेत. अंबरनाथच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष असून शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळाचा तो लेख आहे. त्या देवळाच्या शिखराचा वरचा भाग आज पडलेला आहे. सिन्नरचे देऊळ यादवकालीन. त्याचे शिखर उभे असून भोवती चार कोपऱ्यांत चार लहान देवळे आहेत.

भूमिज शिखराची रचना अशी : चार दिशांना पायथ्यापासून वरपर्यंत एकेक नक्षीदार पट्टा जातो. त्यास लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत लहान खांबांवर बसविलेली चिमुकली शिखरे ओळीने, मजल्यावर मजला अशी चढत जातात. त्यांना कूट म्हणतात. तळाचे कूट सर्वांत मोठे. वर जावे तसतसे ते लहान होत जातात, आणि शेवटी साऱ्या ओळी एका आमलकाखाली एकत्र येतात. देवळात येणारा माणूस पेरणीची, कर्जाची, आजारपणाची, लेकीच्या लग्नाची अशा अनेक काळज्या घेऊन येतो. मान वर करून हे शिखर पाहताना अनेकांतून एकाकडे जाण्याची वाट त्याच्या नजरेस आपोआप सापडते. मन एकाग्र होणे म्हणतात ते हेच.

ॲडम हार्डी या ब्रिटिश अभ्यासकाने भारतीय देवळांवरील आपल्या ग्रंथांत दाखविले आहे की, अशा देवळाची सारी बांधणीच लहान देवळांची असते आणि ती एकातून एक बाहेर पडत असल्यासारखी रचलेली असतात. वरून खाली पाहिले तर एकाचे अनेक होतात, खालून वर पाहिले तर अनेकांचे एक होते. देव भक्ताकडे येतो आणि भक्त देवाकडे जातो, हे दोन्ही भाव एकाच शिखरात वाचता येतात.

गावोगावच्या वीरगळांतही हीच रीत आहे. खालच्या चौकटीत लढाई व पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कळस. गुरे सोडविताना वा गाव राखताना पडलेल्या माणसासाठी मोठे देऊळ कोण बांधणार? पण घरच्यांनी आणि गावाने एका शिळेवर त्याच्यासाठी कळस उभारला. त्यात शोक आहे, तसा अभिमानही आहे.

मराठेशाहीत विटा व चुन्याची शिखरे बांधली गेली. त्यांवर ओळीने देवळ्या करून आत देवादिकांच्या व साधुसंतांच्या चुनेगच्ची मूर्ती बसविल्या. देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा, परंतु या शब्दाचा मूळ अर्थ लहान देऊळ असाच आहे. घरातील देव्हारा आणि अंगणातील तुळशीवृंदावन हीही त्याच घराण्यातील. सांजवेळी घरची बाई वृंदावनाच्या कोनाड्यात दिवा ठेवते, तेव्हा तिचे दिवसभराचे मन तेथे क्षणभर विसावते.

म्हणूनच जीर्णोद्धाराच्या कामी या लहान गोष्टींची विशेष काळजी घेतली पाहिजे. मोठे देऊळ पडले तर साऱ्या गावाला कळते. कूट सिमेंटने भरले, कोरीव दगडावर ऑइलपेंटचे थर चढले किंवा वीरगळ पायात गाडला गेला, तर कोणालाच कळत नाही. वीरगळावर धुणे धुतले जात असल्याचेही पुष्कळ गावी आढळते. खर्च लागत नाही अशा तीन गोष्टी कोणत्याही समितीला करता येतील. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कोरीव दगडाचे छायाचित्र घेऊन तो कोठे होता याची वहीत नोंद करावी. सुटे दगड आवारातच कट्ट्यावर उभे करावेत. आणि पाया खणताना काही जुनी मौल्यवान वस्तू निघाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. देऊळ शासनाच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले असेल, तर परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये.

नवा कळस चढतो तो दिवस गावाच्या आनंदाचा असतो, आणि तो असावाच. परंतु त्या कळसाखाली, भिंतीवर आणि आवारात जी लहान देवळे आहेत, त्यांत आपल्या आधी या मातीत राहून गेलेल्या माणसांचे दुःख, ओढ, अभिमान व समाधान साठविलेले आहे. त्यांनी आपली नावे बहुधा मागे ठेवली नाहीत. ठेवले ते एवढेच. ते जपून पुढच्या पिढीच्या हाती देणे हे जीर्णोद्धाराचेच काम होय.