शेती संरक्षणाची बंदूक : परवाना, साठवण आणि काडतुसे

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत घरात परवान्याचे शस्त्र असले, तर ते बहुधा पिस्तूल नसते. काजू, केळी आणि वायंगण शेतीच्या राखणीसाठी मागच्या पिढीने घेतलेली ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक, हेच ते शस्त्र. कायद्यातही तिला वेगळे स्थान आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक दिली जाते. ती अपुरी ठरेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक मिळू शकते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षे असून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगता येतात.

परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. परवानाधारकाच्या निधनानंतर बंदूक माळ्यावर तशीच राहिली, तर कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना शस्त्र होय. वारसाने ती विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि स्वतःच्या नावाने अर्ज करावा. दुःखाच्या दिवसांत याचा विसर पडणे स्वाभाविक आहे. कायदा मात्र ते कारण मानत नाही.

साठवणुकीत पहिला शत्रू आपला पावसाळा. चामड्याच्या म्यानात ओल टिकते आणि नळीला गंज चढतो. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने अडकवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर येतो. म्हणून बंदूक रिकामी करून, तेलाचा हात फिरवून कुलपाच्या पोलादी कपाटात ठेवावी. काडतुसे दुसऱ्या कुलपात, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात. दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा असाव्यात. काळी दारू वापरली असेल, तर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून तेल लावावे, कारण त्या दारूची राख हवेतील ओल ओढून घेते.

काडतुसांची निवड आवडीने करायची नसते. बोअर आणि संख्या परवान्यावर नोंदलेली असते, खरेदी त्याच मर्यादेत होते. धोका असतो तो सरमिसळीचा. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. मागून बारा बोअरचे भरून बार काढल्यास नळी फुटते. वीस बोअरचे काडतूस पिवळ्या रंगाचे करण्याची पद्धत यासाठीच पडली. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूखेरीज काहीही ठासू नये. आधुनिक काडतूस फोडून काढलेली दारू तर मुळीच नाही. ज्यांच्याकडे स्वसंरक्षणाचे छोटे शस्त्र आहे त्यांनीही जपावे : कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल यांचा आकडा एकच असला, तरी काडतुसे वेगळी आहेत. फुगलेले, गंजलेले काडतूस वापरू नये. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी निर्धोक दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे.

घरात बार काढण्याचा विचार करताना चिऱ्याच्या भिंतीवर विसंबू नये. दार, खिडकी, नळ्यांचे छप्पर आणि फ्लॅटमधील पातळ भिंत गोळीला अडवीत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये रात्रीची घरफोडी आणि दरोडा यांविरुद्ध संरक्षणाचा हक्क व्यापक आहे. तरी कलम ३७ प्रमाणे आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. आवारातून पळणाऱ्या चोरावर बार काढणाऱ्याला त्या हक्काचा आधार मिळणे कठीण. पिकाच्या बाबतीत मर्यादा आणखी कडक आहे. परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. गवा आणि मोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि रानडुकरासाठीही वन खात्याची परवानगी लागते. व्यवहारात उरतो तो हुसकावण्याचा बार, आणि तोही माणसांच्या वस्तीपासून दूर.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न येतो. विधानसभेचे मागील मतदान १४ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे ऐन वायंगणात झाले. बागायतदाराची अडचण यावरून कळावी. अशाच आदेशाविरुद्धच्या २००९ मधील याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जप्तीऐवजी छाननी समितीने परवानाधारकांचा स्वतंत्र विचार करावा, असा मार्ग घालून दिला. त्यामुळे शेतकऱ्याला आपली गरज लेखी मांडता येते. तरीही जमा करावी लागल्यास पावतीवर बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि नळीची स्थिती नोंदवून घ्यावी, आणि निकालानंतर ती परत आणताना तिघांचीही पडताळणी ठाण्यातच करावी.